बसता का?

महिन्याची ९ तारीख पाटणच्या स्टँडवर लगेच ओळखू येते. सकाळच्या कराड गाडीला त्या दिवशी हातात फाइल धरलेल्या बायका जास्त असतात. सरकारी दवाखान्यांत २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. कागदावर तिला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान म्हणतात, पण आशाताई दारात उभ्या राहून सांगतात ते एवढंच, ‘नऊ तारखेला जायचं बरं का, विसरायचं नाही.’ कुणाचं काम पाटणच्या ग्रामीण रुग्णालयात होतं, कुणाला सोनोग्राफीसाठी कराडच्या उपजिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मिळालेली असते. ही गोष्ट अशाच एका ९ तारखेची आहे.

गाडी चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून येते, ती अर्धीअधिक भरूनच. फलाटाला लागायच्या आधीच माणसं तिच्याबरोबर पळू लागतात. खिडकीतून रुमाल पडतो, टोपी पडते, पिशवी पडते, एखादा जेवणाचा डबाही पडतो. वस्तू ज्याची, सीट त्याची. हा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण महाराष्ट्रातल्या कुठल्याही स्टँडवर तो पाळला जातो आणि सीटवरून भांडण झालंच तर या कायद्याच्या नावानेच होतं. रुमाल टाकून झाला की दाराशी रेटारेटी. आता या सगळ्यात पोटुशी बाई कुठे असते? सगळ्यांत मागे. तिला पळता येत नाही. दारातली कोपरं पोटाला लागतील म्हणून ती बाजूला थांबते आणि सगळे चढले की मग पायरीवर पाय ठेवते. जिला बसायची सगळ्यांत जास्त गरज, तिचाच नंबर शेवटी लागतो. ही रीत आपणच पाडलेली आहे आणि मला तिचा मनापासून राग येतो.

त्या दिवशी दोघी शेवटी चढल्या. पहिलीला सातवा महिना होता. लांबून कळत होतं. एक हात कमरेवर, चालणं सावकाश, पायरी चढताना कंडक्टरने पिशवी धरली तेव्हा ‘बरं झालं बाबा’ म्हणाली. तिच्या मागून दुसरी आली. अंगाने बारीक, विशीतली, औषधाच्या दुकानातल्या पिशवीत घडी घातलेले कागद. तिचा तिसरा महिना सरत आला होता, पण हे गाडीत कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. नवरा आणि सासू सोडून तिने कुणाला सांगितलंच नव्हतं. तीन महिने पुरे होईपर्यंत बाहेर वाच्यता करायची नाही, हे आपल्याकडे घरोघर आहे. नवऱ्याला कामावर सुट्टी मिळाली नाही, सासूच्या मागे गुरांचं होतं, म्हणून ती एकटीच निघाली होती.

कंडक्टरने डबल बेल दिली. गाडी स्टँडबाहेर पडली. पहिलीकडे बघून तो मोठ्याने म्हणाला, “अवो, ताई दोन जिवांच्या हायत. कुणीतरी जागा द्या की.”

गाडीत चाळीसेक माणसं बसलेली होती. कोणी हललं नाही.

ही माणसं वाईट होती असं मला वाटत नाही. प्रत्येकाजवळ काहीतरी कारण होतं. दाराजवळ कॉलेजचा मुलगा बसला होता. त्याने ताईंना चढताना पाहिलं होतं, मग मोबाइलमध्ये मान घातली. पुढे एवढी मोठी माणसं बसली आहेत, त्यांनी उठावं, मी कशाला पुढं पुढं करू, असं त्याच्या मनात आलं. त्याच्या मागे एक निवृत्त गुरुजी होते. त्यांचे दोन्ही गुडघे धरलेले होते, उभं राहणं त्यांना खरोखरच जमणारं नव्हतं आणि त्यांना कोणी बोल लावू नये. पलीकडच्या गृहस्थांनी शेजाऱ्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं, “आधीच अर्धं तिकीट, वर बसायला जागा बी त्यांनाच.” मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि तेव्हापासून हे वाक्य पुष्कळांच्या जिभेवर असतं. भाड्यातली सवलत भाड्यापुरती. सवलतीने कमरेला टेकू मिळत नाही आणि वळणावर तोलही सावरत नाही, एवढं साधं त्यांच्या ध्यानात यायला हवं होतं. बायकांसाठी राखीव म्हणून लिहिलेल्या सीटवर दोघी बायका होत्या. एकीच्या मांडीवर तापाने फणफणलेलं पोर, दुसरी म्हणाली, “दर टायमाला बाईनंच का उठायचं? बापई बसल्यात की एवढं.” आणि तिसऱ्या रांगेतली आजी डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, “आमच्या टायमाला कुठली गाडी आन् कुठली सीट? नववा लागस्तोवर भांगललं आम्ही. आताच्या पोरींना काय व्हतंय?”

शेवटी उठला तो खिडकीतून रुमाल टाकून बसलेला एक माणूस. कराडच्या एका खत-बियाण्यांच्या दुकानात तो हिशेब लिहायचा आणि रोज याच गाडीने जायचा. पळत येऊन धरलेली जागा सोडायची म्हणजे जिवावर आलं होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. पण उठला. रुमालाची घडी खिशात घालून म्हणाला, “बसा ताई. अजून माणुसकी हाय म्हणायची आमच्यात.”

दोन-चार जण ‘वा’ म्हणाले. गुरुजींनी मान डोलावली. ताई बसल्या, आणि सगळी गाडी सैल झाली. एकाने उठून सगळ्यांच्या वाट्याचं पुण्य भरून टाकलं होतं जणू. आता कुणी दाराकडे बघण्याची गरज उरली नाही. कॉलेजच्या मुलाने कानात इअरफोन घातले, गृहस्थांनी डोळे मिटले.

दुसरी तशीच उभी होती, एका हाताने वरची दांडी आणि दुसऱ्या हाताने कागदांची पिशवी धरून. रुमालवाला तिच्या शेजारीच उभा राहिला होता. गर्दी वाढली तसं तो तिला म्हणाला, “जरा मागं सरका की बाई, मागं मोकळं हाय.” ती मागे सरकली. मागे चिपळूणहून आलेल्या सुक्या मासळीच्या दोन पाट्या होत्या.

आता तिला काय होत होतं ते नीट सांगायला हवं, कारण ते बघणाऱ्याला दिसत नाही. गरोदरपणात बाईच्या अंगात रक्त वाढत जातं, शेवटी शेवटी ते जवळपास दीडपट होतं. पण सुरुवातीलाच रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्तदाब उतरतो. अशा वेळी एका जागी उभं राहिलं की रक्त पायांत साचतं, डोक्याला कमी पोचतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. मळमळ तर बहुतेकींना याच महिन्यांत सगळ्यांत जास्त असते. एरवी जाणवणारही नाही असा वास पोटात ढवळून काढतो. सकाळी उपाशी निघालेली असेल तर आणखी वाईट. पुढे चौथा-पाचवा महिना लागला की पुष्कळजणींची मळमळ ओसरते, अंग थोडं हुशारतं, आणि नेमकं तेव्हा पोट दिसायला लागतं. म्हणजे ज्या काळात बाईला आधार हवा असतो त्या काळात तिच्याकडे दाखवायला काही नसतं. सातव्या-आठव्या महिन्याच्या बाईचा धोका वेगळा असतो. पोट पुढे आल्याने तोल बदलतो, सांधे सैल पडलेले असतात, आणि ब्रेक लागून पोट सीटच्या दांडीवर जोरात आपटलं तर आत वार सुटू शकते, जे बाळाच्या आणि आईच्या दोघांच्या जिवावर बेततं. तिला जागा हवीच, याबद्दल वादच नाही. फक्त ती दिली म्हणजे आपलं काम संपलं असं गाडीने धरलं, तिथे चूक झाली.

मग त्या पोरीने तोंड उघडून मागितलं का नाही, असं कोणी म्हणेल. मागायचं तर आधी कारण सांगावं लागणार. चाळीस अनोळखी माणसांपुढे, त्यातही पाटण तालुक्यातलीच माणसं, कोण कुणाच्या भावकीतलं निघेल सांगता येत नाही. जी गोष्ट तिने स्वतःच्या आईलाही अजून फोनवर सांगितली नव्हती, ती एसटीत ओरडून सांगायची? आणि सांगूनही कोणी ‘दिसत तर नाही’ म्हणालं असतं, तर काय करायचं?

मल्हारपेठ मागे पडलं. सातव्या महिन्यातल्या ताई खिडकीशी बसल्या होत्या. त्या बाहेर बघत नव्हत्या, त्यांची नजर त्या पोरीवर होती. पोरगी सारखी आवंढा गिळत होती. वरच्या ओठावर घाम होता. दांडीवरची बोटं एक एक करून सुटत होती आणि ती पकड परत आवळत होती. मग तिने पदर नाकाला लावला. ताईंनी तो पदर पाहिला आणि त्या दोन्ही हातांनी पुढच्या सीटची दांडी धरून उभ्या राहिल्या.

“ये, बस हितं.”

“नको ताई, तुम्ही बसा. तुमाला...”

“बस म्हणते न्हवं. पुढं बस, वारं घे.”

कंडक्टर तिकिटांच्या मशिनवरून मान वर करून ओरडला, “अवो ताई, तुमी कशाला उठताय? पडाल की.”

“मी धरलंय. हिला आधी बसू दे.”

पोरगी सीटवर टेकली आणि खिडकीवर डोकं ठेवून तिने डोळे मिटले. चेहरा पांढराफटक पडला होता. कंडक्टरने दोरी ओढली, सिंगल बेल झाली आणि ड्रायव्हरने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. कोणी पाण्याची बाटली पुढे केली. तापलेल्या पोराच्या आईने पिशवीतून लिंबू काढून दिलं, हुंगायला. आता मात्र निम्मी गाडी उठून उभी होती. कॉलेजचा मुलगा तर ताईंचा दंड धरून त्यांना आपल्या सीटवर बसवत होता, आणि इअरफोनच्या वायरी त्याच्या गळ्यात लोंबत होत्या.

रुमालवाला पोरीशेजारीच उभा होता. तिला मागे सरकायला त्यानेच सांगितलं होतं, आणि ते त्याला आठवलं असणार. तो ताईंना म्हणाला, “त्यांनी सांगायचं तरी. मी जागा दिली असती की. तुमाला दिली न्हाई का?”

ताई म्हणाल्या, “दादा, मी तरी कुठं काय सांगितलं तुमाला? माझं पोट बोललं. हिचं अजून बोलत न्हाई.”

कोणाला काही सुचेना. तेवढ्यात आजी बोलली. मघाशी बोललेलं तिला टोचत असावं. म्हणाली, “मी म्हटलं न्हवं, नवव्यापातुर भांगललं म्हणून. खरंय ते. पण मला कुणी बस म्हटलंच न्हाई, म्हणून भांगललं. म्हटलं असतं तर मी काय बसले नसते?”

गाडीतलं सगळ्यांत मोलाचं बोलणं मला हे वाटतं. ‘आम्ही केलं, तुम्हाला काय होतंय’ हे आपण सासूकडून ऐकतो, आजीकडून ऐकतो, ऑफिसातल्या वरिष्ठ बाईंकडूनही ऐकतो. त्या बायकांनी सोसलं हे खरंच असतं आणि त्याबद्दल आदरच वाटायला हवा. पण ते सोसणं त्यांनी निवडलेलं नव्हतं. त्यांना बसायला कोणी सांगितलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. ती उणीव पुढच्या पिढीकडून भरून मागायची नसते.

गाडी पुन्हा निघाली. दोघी बसल्या होत्या. कराडला उतरताना कंडक्टर रुमालवाल्याला म्हणाला, “चाळीस माणसं बसलेली गाडीत. आन् उठलं कोण, तर जिला आपण बसवलं ती.” रुमालवाल्याने उत्तर दिलं नाही.

पुढच्या ९ तारखेला पाटणच्या स्टँडवर त्याने पळत पळत खिडकीतून दोन रुमाल टाकले. एकावर स्वतः बसला, दुसरा शेजारच्या सीटवर तसाच ठेवला. लोकांना ते आवडलं नाही. मागच्या वेळचेच, अर्ध्या तिकिटावर बोलणारे गृहस्थ उभे होते. त्यांनी विचारलं, “ही कुणासाठी धरलीय?”

“अजून माहीत न्हाई,” तो म्हणाला. “शेवटी कोण चढतंय बघू.”

शेवटी एक बाई चढली. गरोदर होती की नव्हती, मला माहीत नाही. थकलेली होती, हातात फाइल होती. त्याने रुमाल उचलला आणि विचारलं, “बसता का?” ती बसली. कितवा महिना, कुठल्या दवाखान्यात, काय झालंय, असलं त्याने काही विचारलं नाही. त्या दिवसापासून कंडक्टरनेही आपली पद्धत बदलली. ‘ताई दोन जिवांच्या हायत’ अशी गाडीभर दवंडी पिटणं त्याने सोडलं. ९ तारखेला तो स्वतःची सीट मोकळी ठेवतो. तिकिटं फाडताना त्याला उभंच राहायचं असतं. शेवटी चढणाऱ्या बाईला हळूच म्हणतो, “माझ्या जागेवर बसा.” मागचा बाकडा रिकामा असला तरी तो गरोदर बाईला देत नाही. मागच्या चाकांच्याही मागे असलेल्या त्या बाकड्यावर रस्त्यातला प्रत्येक खड्डा जास्त लागतो, हे नोकरीतल्या माणसाला पक्कं ठाऊक असतं.

न दिसणाऱ्या महिन्यांची ही अडचण फक्त पाटण-कराड रस्त्याची नाही. लंडनच्या वाहतूक संस्थेने २००५ मध्ये गरोदर बायकांना कपड्यांवर लावायचे बिल्ले वाटायला सुरुवात केली, जपानच्या सरकारने २००६ मध्ये तसंच चिन्ह काढलं. दोन्हीकडे कारण तेच होतं. सुरुवातीला पोट दिसत नाही आणि मागायला जीव धजत नाही. मुंबईच्या लोकलमध्ये गरोदर बायकांना दिव्यांगांच्या डब्यातून जाता येतं, पण तिसऱ्या महिन्याची बाई तिथे चढली तर डबा तिच्याकडे संशयानेच बघतो. बिल्ले, राखीव डबे, खिडकीवरच्या पाट्या या सगळ्या गोष्टी असाव्यात, आणखी असाव्यात. पण चिपळूण-कराड गाडीत बिल्ला कोणी देणार नाही, आणि दिला तरी घराबाहेर गोष्ट न सांगणारी सून तो पदरावर लावणार नाही. तिच्यासाठी शेजारच्या माणसाचे डोळेच कामाला येणार.

म्हणून माझं मागणं थोडं आहे. स्टँडवर गाडी लागली आणि तुम्हाला जागा मिळाली, की लगेच मोबाइलमध्ये मान घालू नका. शेवटचं माणूस चढेपर्यंत दाराकडे बघा. तुम्हाला गुडघेदुखी असेल, मांडीवर पोर असेल, तर बसून राहा, त्यात कमीपणा नाही. पण धडधाकट असाल आणि दांडीला धरलेल्या कुठल्याही बाईचा चेहरा उतरलेला दिसला, तर उठा आणि ‘बसता का?’ एवढंच विचारा. का, ते विचारू नका. ती ‘नको’ म्हणाली तर परत बसा, तुमचं काही गेलेलं नसतं. आणि ९ तारीख रविवारी आली तर तपासणी पुढच्या कामाच्या दिवशी असते, तेव्हा त्या सोमवारीही लक्षात ठेवा.